मुंबईच्या चित्रांना कायमची भिंत द्या : खासगी कलासंग्रहांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील आधुनिक कलेच्या खासगी संग्रहांचे संस्थापक, विश्वस्त आणि संग्राहक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गिरणगावातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवतो. आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या पैशाने जमवलेली चित्रे लोकांना पाहायला ठेवली, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना छापील पानावरचे नव्हे तर मूळ चित्र समोर उभे राहून पाहता आले, आणि याबद्दलची कृतज्ञता मनात ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती एकच आहे. आपल्या संग्रहातील निवडक चित्रे, मग ती वीस असोत की दहाच असोत, एका खोलीत कायमची लावून ठेवा. प्रदर्शन संपले म्हणून ती उतरवू नका, प्रदर्शनाची मांडणी ठरवणारा नवा क्युरेटर आला म्हणून हलवू नका आणि अगदीच नाइलाज असल्याशिवाय बाहेरगावी पाठवू नका. आज पाहिलेले चित्र पुढच्या वर्षी आणि दहा वर्षांनीही त्याच भिंतीवर भेटेल, एवढी खात्री मुंबईच्या माणसाला असू द्या.

भारताच्या आधुनिक चित्रकलेचा फार मोठा भाग या शहरात घडला, हे आपल्याला मी सांगायला नको. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप इथेच स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे त्याचे सहा संस्थापक. जे. जे. स्कूलमधून काढून टाकलेले सूझा, सिनेमाची पोस्टर्स रंगवून पोट भरणारे हुसेन, घरकाम करून चित्रे काढणारे आरा, अमरावती जिल्ह्यातून आलेले गाडे आणि शिल्पकलेत नवी वाट काढणारे सदानंद बाकरे हे सारे याच गल्ल्यांतून चालत होते. त्यांच्या मागोमाग गिरगावच्या चाळीत वाढलेले, पुढे अमूर्त चित्रांसाठी ओळखले गेलेले वासुदेव गायतोंडे आले आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात वाढलेले तय्यब मेहताही आले. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, नाटकवाले आणि संगीतकार एका छपराखाली काम करत, त्यांत गायतोंडेही होते. असे असूनही आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून कोणी विचारले की गायतोंडे यांचे चित्र कुठे पाहायला मिळेल, तर त्याला नेमका पत्ता देता येत नाही. ‘सध्या कुठे काही लागले आहे का ते आधी विचारून घ्या’ एवढेच सांगता येते. ही चित्रे या शहरात आहेतच, फक्त ती नेहमीची जागा धरून नाहीत.

हे पत्र सरकारला न लिहिता आपल्याला का लिहितो, याचे कारण या शहराच्या इतिहासातच आहे. मुंबईतील कलेच्या बहुतेक संस्था खासगी दातृत्वातून उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाय यांनी १८५३ साली कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली जे. जे. सुरू झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली तीही सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. हिटलरच्या छळामुळे युरोप सोडून इथे आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर, तसेच रुडॉल्फ फॉन लायडन यांनी प्रोग्रेसिव्ह मंडळींना दृष्टी, ओळखी आणि पहिले गिऱ्हाईक मिळवून दिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांनी वैज्ञानिकांच्या रोजच्या वावरात चित्रे आणली, आणि हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भलेमोठे भित्तिचित्र १९६०च्या दशकापासून त्या इमारतीत आहे. कोणत्याही दिवशी उठून कोणीही ते पाहायला जाऊ शकत नाही हे खरे, पण तिथे काम करणाऱ्या माणसांच्या पिढ्या त्याच्यासमोरून रोज ये-जा करत निवृत्त झाल्या. चित्रासोबत आयुष्य काढणे म्हणजे काय, हे या शहरात ठाऊक असेल तर त्यांना.

या परंपरेत मला सर्वांत जवळचे वाटतात ते जहांगीर निकल्सन. कापसाच्या व्यवसायातला हा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर, १९६८ साली, चित्रे घेऊ लागला आणि मग थांबलाच नाही. चित्रे घरात मावेनाशी झाली म्हणून त्यांनी विकली नाहीत, तर १९७६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात आधुनिक कलेचे स्वतःच्या नावाचे दालन उभे केले. २००१ साली ते गेले. वारस नसलेल्या संग्राहकाचा संग्रह त्याच्यामागे फुटतो, लिलावात जातो आणि दहा दिशांना पांगतो, हा सगळीकडचा अनुभव आहे. निकल्सन यांच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण त्यांनी मागे विश्वस्त संस्था ठेवली आणि विश्वस्तांनी चिकाटी सोडली नाही. २०११ पासून तो सुमारे आठशे कलाकृतींचा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे आणि त्यातून निवडलेली चित्रे पाळीपाळीने लोकांसमोर येतात. एका माणसाच्या हौसेचे सार्वजनिक ठेव्यात रूपांतर कसे होते, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे असेल तेव्हा मी हेच उदाहरण देतो. त्यांनी एवढे केले म्हणूनच पुढचे पाऊल मागण्याचा धीर होतो.

बदलती प्रदर्शने वाईट असतात असे मी म्हणत नाही. त्यांमुळे विस्मरणात गेलेले चित्रकार पुन्हा वर येतात आणि अभ्यासकांना नवे काही सापडते. पण सगळेच बदलते असले की काय होते, ते मला शिक्षक म्हणून दिसते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, नववीतली, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करणारी. एका संग्रहात गायतोंडे यांचे उभे, मोठे तैलचित्र लागले होते, तिथे ती थबकली आणि मला म्हणाली, “सर, याच्यामागे दिवा लावलाय का?” मी तिला भिंतीला चिकटून बाजूने पाहायला सांगितले. समोरून नुसता धूसर, आतून उजळलेला रंग दिसत होता, तो बाजूने पाहताच वेगळाच निघाला. काही ठिकाणी रंग इतका पातळ की कॅनव्हासची वीण मोजता यावी, आणि मध्येच रंगाची जाड बेटे, त्यांच्या कडा किंचित उचललेल्या. रोलरने रंग पसरून, सुरीने खरवडून, त्यावर कागदाचा तुकडा दाबून उचलल्यावर राहणारा तो खडबडीत पोत तिने बोट न लावता, नुसत्या नजरेने, वरपासून खालपर्यंत तपासला. दिवा कुठेच नव्हता. खालच्या थराचा रंग वरच्या थरातून दिसत होता, एवढेच. हे पुस्तकातल्या छापील चौकोनात कधीच कळले नसते.

पुढच्या वर्षी ती वडिलांना घेऊन तिथे गेली. वडील दुकानात कामाला. रविवारची सुट्टी मागून ते लेकीसोबत गेले होते. चित्र तिथे नव्हते, प्रदर्शन कधीच बदलले होते. सोमवारी शाळेत येऊन ती मला म्हणाली, “आता लावलेली चित्रंही छान होती सर, पण बाबांना ते दाखवायचं होतं.” तिची तक्रार नव्हती. माझी आहे, आणि ती मी आपल्यापुढे मांडतो आहे. ज्या घरात चित्रकलेविषयी कधी बोलणे होत नाही, त्या घरातल्या एका मुलीला एक चित्र आपले वाटले, ते घरच्यांना दाखवावेसे वाटले, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण ते कुलपात ठेवून दिले.

अमूर्त चित्राची तर गोष्टच अशी आहे की पहिल्या भेटीत ते फारसे काही बोलत नाही. पाहणारा गोंधळतो, थोडा ओशाळतोही आणि पुढे सरकतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत त्याची नजर सवयीची होते आणि मग कधीतरी चित्र उघडते. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतली पाने, पाकिटे, घड्याळे ओळखीची असतात, म्हणून नवखा प्रेक्षक त्यांच्यापुढे बिचकत नाही. पण एनॅमलच्या त्या गुळगुळीत, शांत पृष्ठभागावर एक वस्तू दुसरीपासून नेमक्या तेवढ्याच अंतरावर का ठेवली आहे, मधली मोकळी जागा एवढी भरलेली का वाटते, हे कळायला वेळ लागतो. पंधराव्या वर्षी पाहिलेले बरवे तिसाव्या वर्षी वेगळे दिसतात आणि पन्नाशीत आणखी वेगळे दिसतात. वाचनालयातले पुस्तक आपण पुन्हा मागून घेऊ शकतो, म्हणून आपली मराठी वाचणारी पिढी तयार झाली. चित्राची तशी सोय या शहरात नाही आणि मग मराठी समाजाला चित्रकला कळत नाही असे आपणच म्हणत राहतो. पाहायला मिळाल्याशिवाय कळणार कसे?

आपल्या बाजूच्या अडचणी मला ठाऊक आहेत, निदान काही तरी. कागदावरची चित्रे, जलरंग आणि रेखाटने उजेडाने फिकी पडतात. त्यांच्यावर साधारण पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश नसावा आणि काही महिन्यांनी त्यांना अंधारात विश्रांती द्यावी, असा संग्रहालयांचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. पण तैलरंग आणि शिल्प यांना तेवढी भीती नसते. खिडकीचे ऊन आणि अतिनील किरणे अडवली, दिवे दीडशे-दोनशे लक्सपर्यंत ठेवले आणि अधूनमधून तपासणी केली, तर तैलचित्र वर्षानुवर्षे भिंतीवर राहू शकते. जगभरच्या संग्रहालयांत ते राहतेच. म्हणून माझी मागणी मुख्यतः तैलचित्रे आणि शिल्पे यांच्यापुरती आहे. कागदावरची कामे जरूर बदलत राहावीत.

दुसरी अडचण खर्चाची सांगितली जाते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, बुरशी धरते, कॅनव्हास सैल पडतो, चौकटीचे लाकूड फुगते. वातानुकूलन आणि हवेतला ओलावा शोषणारे डिह्युमिडिफायर अहोरात्र चालू ठेवावे लागतात आणि त्याचे बिल मोठे येते. पण हे सारे साठवणखोलीतल्या चित्रांसाठीही करावेच लागते. बंद खोलीतले चित्र पावसाळ्यात आपोआप सुरक्षित राहत नाही. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा आपण आधीच उचलत आहात, आणि वर लागतात ते दिवे, पहारेकरी, विमा आणि दार उघडणारा माणूस. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृतीचे जतन हे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चाचे मान्य क्षेत्र आहे. आपल्यापैकी अनेकांचे उद्योग त्या कायद्याखाली येतात. एका खोलीची वर्षभराची राखण त्यातून होऊ शकेल का, हे आपल्या हिशेबनिसांना एकदा जरूर विचारा.

असे कुठे केले आहे का, असे कोणी विचारील. अमेरिकेत ह्युस्टन शहरात द मेनिल या संग्राहक दांपत्याने चित्रकार मार्क रॉथको यांच्या चौदा चित्रांसाठी एक प्रार्थनागृहच बांधवून घेतले. ते १९७१ साली उघडले आणि चित्रे त्याच भिंतींसाठी केलेली आहेत. इमारतीची दुरुस्ती झाली, छतातून येणारा उजेड सुधारला, पण चित्रांची जागा तीच राहिली. त्याच दांपत्याच्या संग्रहाचे संग्रहालय १९८७ पासून जवळच्या साध्या वस्तीत आहे आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. डेन्मार्कमध्ये क्नुड येन्सन यांनी १९५८ साली समुद्रकाठी लुईझियाना संग्रहालय सुरू केले. तळ्याकडे पाहणाऱ्या खोलीतली जाकोमेत्ती यांची सडपातळ शिल्पे ही त्या जागेची ओळखच झाली आहे. आपल्याकडे दिल्लीत किरण नाडर यांनी २०१० साली आणि बंगळुरूमध्ये अभिषेक पोद्दार यांच्या पुढाकाराने २०२३ साली खासगी संग्रहालये लोकांसाठी उघडली. मुंबईकडे संग्रह आहेत, पैसा आहे आणि ज्या चित्रकारांचा जगभर मान आहे त्यांची कर्मभूमी असल्याचा अधिकारही आहे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि पुढे ते व्हेनिसला गेले, तेही पेगी गुगेनहाइम या संग्राहक बाईंच्या राहत्या घरात झालेल्या संग्रहालयात. गिरगावातल्या माणसाने मात्र ते बातमीत वाचले.

बातम्यांवरून आठवले. हल्ली चित्रांच्या बातम्या येतात त्या किमतींच्या. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलावात शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. तोपर्यंतची कित्येक वर्षे ते नॉर्वेतील ऑस्लोच्या रुग्णालयात होते. किमती वाढल्या याचे मला दुःख नाही, चित्रकाराच्या श्रमाचे मोल झाले तर चांगलेच. पण एवढ्या किमतीची वस्तू तिजोरीत जाण्याची शक्यता वाढते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याने रवी वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा मोजक्या नऊ कलावंतांची चित्रे देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. प्रोग्रेसिव्ह मंडळी किंवा गायतोंडे त्या यादीत नाहीत. त्यांची चित्रे इथे ठेवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे आपली इच्छा. कायद्यात जे नाही ते आपल्या शब्दात आहे, म्हणून आपल्याकडे शब्द मागतो आहे.

ती खोली कशी असावी याविषयी माझे फार आग्रह नाहीत. पण बसायला बाक हवा, पाठ असलेला, कारण चित्रापुढे वीस मिनिटे थांबायचे तर आजोबांनाही थांबता आले पाहिजे. चित्राशेजारचा मजकूर मराठीतही हवा आणि तो मराठीत विचार करून लिहिलेला हवा. चित्रकार कोण, चित्र कधीचे, माध्यम कोणते आणि कुठे लक्ष द्यावे याचे चार ओळींचे बोट दाखवणे पुरे. वेळ कामकरी माणसाला जमेल अशी हवी : आठवड्यातून एखाद्या दिवशी रात्री आठ-साडेआठपर्यंत आणि रविवारी दिवसभर. दारावरच्या माणसाला एवढेच सांगून ठेवा की येणाऱ्याला ‘कोणाकडे काम आहे?’ असे विचारू नये. काचेच्या जड दारापुढे, थंडगार लॉबीत, हा एक प्रश्न ऐकून पालकांना घेऊन परत फिरलेली मुले मी पाहिली आहेत. जागेचे नाव घेत नाही, कारण त्या पहारेकऱ्याला तसे शिकवले गेले होते आणि दोष शिकवण्याचा आहे. आत काय लावले आहे हे फोनवर मराठीत, हिंदीत सांगणारे कोणी असेल तर उत्तमच, पण खोली कायमची असेल तर तो प्रश्न बराचसा मिटतोच.

कोणती चित्रे निवडावीत हे आपण आणि आपले क्युरेटर ठरवाल. माझ्यासारख्या शिक्षकाला मुभा दिली तर मी गायतोंडे, बरवे, तय्यब मेहता आणि आरा यांचे एकेक मागेन, आणि बाकरे यांचे एखादे शिल्प, कारण शिल्पाभोवती फिरून पाहण्याची मुलांना सवयच राहिलेली नाही. एकाच संग्रहात हे सारे नसेल. दोन-तीन संस्थांनी मिळून एकमेकांना दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर चित्रे दिली तरी खोली भरेल. मालकी ज्याची त्याच्याकडेच राहील.

शाळांचे वर्षभराच्या सहलींचे आणि क्षेत्रभेटींचे नियोजन जूनमध्ये, शाळा उघडताच होते. आपल्यापैकी एकाही संस्थेने अशी खोली करायचे ठरवले, तर तिथे कोणती चित्रे असतील आणि कोणत्या वारी, किती वाजता येता येईल, हे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवावे. परळ, लालबाग, शिवडी, वरळी आणि भायखळ्याच्या शाळांतील कलाशिक्षकांपर्यंत ते पोहोचवण्याचे काम माझ्याकडे लागले. चित्रांशेजारच्या मराठी मजकुराचा पहिला खर्डा लिहून द्यायलाही मी आणि माझे सहकारी विनामोबदला तयार आहोत.

आपला नम्र,
एक कलाशिक्षक
लालबाग, मुंबई